श्वासाची वाट

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. तीसेक वर्षे आम्ही एकाच स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी बसलो. मी इतिहास शिकवायचो म्हणून ते मला ‘इतिहासकार’ म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, पण माया अधिक. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे जाऊन ते सिगारेट ओढून यायचे आणि येताना खडीसाखर चघळत यायचे. निवृत्तीनंतर त्यांना जिना चढताना दम लागू लागला. मग खिशात पंप आला. पुढे एक दिवस खोकल्यातून रक्त पडले, तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला.

केमोच्या दिवशी मी त्यांच्या सोबतीला जात असे. वहिनींना गुडघ्यांमुळे तासन् तास बसवत नसे. सलाईनची बाटली टांगलेली, थेंब थेंब औषध हातातल्या शिरेत चाललेले, आणि आम्ही दोघे शाळेच्या जुन्या गप्पा मारत बसलेलो. एकदा त्यांना मध्येच दम लागला. त्यांनी पंप काढला, दोनदा ओढला, जरा वेळाने शांत झाले आणि पंप माझ्यापुढे धरून म्हणाले, “काय इतिहासकार, हे बघा. हे औषध तोंडातून ओढलं की थेट छातीत. माझी गाठही छातीतच आहे. मग ते औषध हातात घालून सगळ्या अंगभर कशाला फिरवत आणतात? केस गेले, तोंडाची चव गेली, पायांना मुंग्या येतात. माझ्या पायांनी काय गुन्हा केला होता?”

प्रश्न गणिताच्या माणसाचा होता. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचे. मग हे वळण कशासाठी?

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रातले एक कात्रण दाखवले. अतिसूक्ष्म ‘नॅनो’ कणांत भरलेले कॅन्सरचे औषध श्वासातून द्यायचे प्रयोग चालू आहेत, अशी बातमी होती. “तुम्ही आयुष्यभर तारखा शिकवल्यात,” ते म्हणाले, “सांगा, हे केव्हा येणार?” मी म्हणालो, “येईल हो लवकरच. विज्ञान किती पुढे गेलंय!” आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून आपण बोलतो तसे मी बोललो. त्यांनी ते मनावर घेतले. पुढची केमोची तारीख आली तेव्हा म्हणाले, आता हे नको, ते नवे येईपर्यंत थांबतो. तीन आठवडे थांबले. वहिनींचा फोन आला तेव्हा मला कळले. मग डॉक्टरांनी समजावले आणि उपचार पुन्हा सुरू झाले. पुढे काही महिन्यांनी सर गेले. त्या तीन आठवड्यांनी मोठा फरक पडला नसता असे डॉक्टर म्हणाले. तरी माझे ते एक वाक्य मला टोचत राहिले.

याला दोन वर्षे झाली. मी बी.ए. झालेला, मराठी माध्यमातला इतिहासाचा मास्तर. शास्त्र माझा विषय नव्हे. पण सरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे ठरवले आणि जुन्या सवयीने सुरुवातीपासून सुरुवात केली. जे सापडले ते इथे लिहितो.

पहिली गंमत आपल्याच भाषेत सापडली. ‘धूमपान निषिद्ध’ अशा पाट्या आपण सगळीकडे पाहतो. पण ‘धूमपान’ हा शब्द मुळात औषधोपचाराचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात त्याचे सविस्तर वर्णन आहे. औषधी द्रव्ये वाटून त्यांची वात करायची, ती वाळवून तुपाचा हात लावून पेटवायची आणि ‘धूमनेत्र’ नावाच्या नळीने धूर ओढायचा. रोजचा धूम वेगळा, स्निग्ध वेगळा, दोष बाहेर काढणारा वेगळा. आणि अवेळी किंवा अति केल्यास त्रास होतो, असा इशाराही तिथेच आहे. औषधाचे नाव पुढे व्यसनाला मिळाले! माझ्या सरांना ज्याने मारले आणि ज्याने वाचता येईल अशी त्यांना आशा होती, त्या दोन्हींचा शब्द एकच होता.

श्वासातून औषध घेण्याची कल्पना एकट्या आपलीच नाही. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय लेखात तापलेल्या विटांवर वनस्पती टाकून तिची वाफ बोरूच्या नळीने ओढण्याचा उपाय आहे. आपल्या घरांतून बाळाला ओव्याची धुरी देतात, सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेतात, ती याच कुळातली. छातीचे दुखणे, छातीकडे जाणारी वाट नाकातोंडातून, तेव्हा औषध तिथूनच जावे, हे माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

१७७८ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जॉन मज या डॉक्टरने खोकल्यावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात आपले एक यंत्र सांगितले. बिअर प्यायचा जस्ती रंगाचा झाकणाचा मग घेतला, त्याच्या कानाला भोके पाडली, झाकणाला नळी बसवली आणि आत गरम पाणी भरले. नळीतून श्वास ओढला की बाहेरची हवा भोकांतून आत शिरून पाण्यातून बुडबुडत वर येई. या यंत्राला त्याने ‘इनहेलर’ म्हटले. आज आपण खिशात घालून फिरतो त्या वस्तूचे नाव त्या मगातून आलेले आहे.

त्यानंतरचा धडा मात्र हिंदुस्थानातून गेला. मद्रासचे सरकारी डॉक्टर जेम्स अँडरसन यांना इथे दम्यावर धोत्र्याचा धूर ओढतात हे ठाऊक होते. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याबरोबर तो उपाय इंग्लंडला पोहोचला आणि युरोपभर पसरला. शंकराला वाहायचा आपला धोत्रा तिकडे सिगारेटीत भरून औषधाच्या दुकानांत विकला जाऊ लागला. ‘दम्याच्या सिगारेटी’ विसाव्या शतकातही बराच काळ मिळत होत्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त दम्याने बेजार असायचा, तो त्या ओढायचा आणि बंद खोलीत औषधी पुडींचा धूर करायचा. हे निव्वळ खूळ नव्हते. धोत्र्यातल्या ॲट्रोपीनसारख्या द्रव्यांनी श्वासनलिका सैलावतात. त्याच जातीची सुधारलेली औषधे आजच्या पंपांतही आहेत. चूक होती ती वाहनाची. औषध धुरावर बसवून पाठवले की धूरही आत जातो.

धुराला पर्याय मिळाला तो एका मुलीच्या प्रश्नातून. अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला, सूझीला, दमा होता. तिला काचेच्या, रबरी फुगा दाबायच्या फवाऱ्यातून औषध घ्यावे लागे. १९५५ साली तिने वडिलांना विचारले की केसांवर मारायचा स्प्रे डब्यात मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही? मेसननी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. कंपनीतल्या लोकांनी अत्तराच्या बाटल्या, डब्यातला दाबाचा वायू आणि दर वेळी मोजकेच औषध सोडणारी झडप यांची सांगड घातली. १९५६ साली पहिला मोजका डोस देणारा इनहेलर बाजारात आला. म्हणजे मुलीच्या प्रश्नापासून औषधाच्या दुकानापर्यंत साधारण एक वर्ष.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. माझ्या सरांचा प्रश्न सूझीच्या प्रश्नासारखाच होता. तिला एका वर्षात उत्तर मिळाले. मग सरांच्या वाटेत काय आडवे आले?

एक अडचण त्या इनहेलरच्याच पुढच्या इतिहासात दिसते. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले. संशय गेला तो आयसोप्रेनालीन या औषधाच्या जास्त तीव्रतेच्या पंपांवर. पंप हातात असल्यामुळे लोक वारंवार ओढत, हृदयावर ताण येई, शिवाय डॉक्टरकडे जायला उशीर होई. कारणांबद्दल वाद पुष्कळ झाला, पण इशारे दिल्यावर आणि औषधाचा वापर कमी झाल्यावर मृत्यू कमी झाले. पुढे फक्त श्वासनलिकांवर नेमके काम करणारी सुरक्षित औषधे आली. आपल्याकडे आजही ‘पंपाची सवय लागते’ म्हणून घाबरणारे लोक आहेत. ती भीती आजच्या पंपांबाबत चुकीची आहे, पण वाट सरळ असली म्हणून चूक होत नाही असे नाही, हा धडा खरा आहे.

दुसरी अडचण कणांच्या मापाची, आणि ही गोष्ट सर हयात असते तर त्यांनी फळ्यावर मांडून दाखवली असती. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड. औषधाचा कण १० मायक्रॉनहून मोठा असेल तर तो नाकात, घशातच आपटून अडकतो, कारण श्वासाची वाट वळणांची आहे आणि जड कणाला वळता येत नाही. १ ते ५ मायक्रॉनचा कण वळणे घेत खोल जातो. पण त्याहून लहान, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा कण इतका हलका असतो की तो कुठेच टेकत नाही. श्वासाबरोबर आत जातो आणि बराचसा उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणजे मोठाही नको आणि फार लहानही नको. आणखी लहान, नॅनोच्या खालच्या मापात गेलो की कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन पुन्हा भिंतींना चिकटू लागतात.

यात एक विचित्र योगायोग आहे. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ‘पीएम २.५’ चे आकडे येतात. ते अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान धूलिकणांचे. औषधाला जे माप हवे, तेच सगळ्यांत घातक धुळीचेही माप आहे. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कॅन्सरला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. सिगारेटच्या धुराचे कण तर एक मायक्रॉनहूनही लहान. पण ते दमट श्वासात फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि मुख्य म्हणजे ते पुन्हा पुन्हा येतात. दिवसाला दहा सिगारेटी, प्रत्येकीचे दहा झुरके, अशी चाळीस वर्षे धरली तर चौदा लाख साठ हजार झुरके होतात. इतक्या वेळा ठोठावल्यावर दार उघडायचेच.

हे दार किती उशिरा उघडले हेही इतिहासात नोंदलेले आहे. १९१२ साली आयझॅक ॲडलर या डॉक्टरने फुप्फुसाच्या कॅन्सरवर पुस्तक लिहिले, तेव्हा जगभरच्या नोंदी चाळून त्याला जेमतेम पावणेचारशे रुग्ण सापडले. इतक्या दुर्मिळ रोगावर पुस्तक कशाला, असा संकोच त्याला वाटला होता. यंत्रावर वळलेल्या स्वस्त सिगारेटी आणि दोन महायुद्धे यांनी चित्र पालटले. १९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुईस इथे एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिलमोर या डॉक्टर रुग्णाचे एक अख्खे फुप्फुस काढले आणि तो जगला. कॅन्सरवरची ही ऐतिहासिक शस्त्रक्रिया. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेटी ओढत. कॅन्सरशी तंबाखूचा संबंध त्यांना आधी पटत नव्हता. मग अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याबरोबर त्यांनीच आकडेवारी तपासली आणि १९५० साली संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचाही निष्कर्ष आला. डॉल यांना आधी रस्त्यांच्या डांबराचा संशय होता. आकडे पाहून त्यांनी सिगारेट सोडली. ग्रॅहमनीही सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. त्यांचा रुग्ण गिलमोर त्यांच्यानंतरही काही वर्षे जगला.

शस्त्रक्रिया सगळ्यांना चालत नाही. रोग पसरला की औषध हवे. केमोथेरपीचा उगम पाहायला गेलो तर तिथेही श्वासच भेटला, पण विषारी. पहिल्या महायुद्धात १९१७ साली ईप्रच्या आघाडीवर मस्टर्ड वायू वापरला गेला. त्याच्या बळींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी त्याच जातीचे नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या रुग्णाला शिरेतून दिले आणि गाठी आटल्या. काही काळच, पण आटल्या. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारायचे हे तत्त्व तिथून रुजले. केसांची मुळे, तोंडातले आणि आतड्यांतले अस्तर यांच्या पेशीही झपाट्यानेच वाढतात, म्हणून त्याही मरतात. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्रात जिवाणू कसे वाढतात हे पाहत होते. त्यांच्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या द्रव्याने जिवाणूंची विभागणीच थांबली. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध निघाले, १९७८ साली त्याला मान्यता मिळाली. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते आजही वापरतात. त्याने मूत्रपिंड, कान आणि नसा यांना इजा होऊ शकते. सरांच्या पायांच्या मुंग्यांचे मूळ इथे असते. शिरेतून दिलेल्या औषधाचा फारच थोडा अंश गाठीपर्यंत पोहोचतो, बाकीचे अंगभर फिरते. सरांचे निरीक्षण अगदी बरोबर होते.

आता ‘नॅनो’कडे येतो. एका मायक्रॉनचे हजार नॅनोमीटर. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहम यांना दिसले की विशिष्ट स्निग्ध द्रव्ये पाण्यात आपोआप पोकळ गोळ्या बनवतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. साबणाचा फुगा आणि त्याच्या पोटात औषध, अशी कल्पना करावी. १९८६ साली जपानमध्ये हिरोशी माएदा आणि मात्सुमुरा यांनी दाखवले की कॅन्सरच्या गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साचतात. म्हणजे औषध योग्य मापाच्या पुडीत बांधले तर ते गाठीत अधिक जाईल. १९९५ साली लायपोसोमात भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रथिनाच्या नॅनोकणांत बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला २००५ साली स्तनाच्या आणि २०१२ साली फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरवर नॅनो औषध आहे. पण तेही शिरेतूनच द्यायचे.

मग श्वासातून? त्याचेही प्रयत्न झाले आहेत, आणि सरांच्या कात्रणाच्या कितीतरी आधी. जपानमध्ये तात्सुमुरा आणि सहकाऱ्यांनी एक केमोचे औषध नेब्युलायझरने देऊन पाहिले, त्याचा अहवाल १९९३ साली आला. २००४ साली अमेरिकेत लायपोसोममधल्या एका औषधाची श्वासातून चाचणी प्रसिद्ध झाली. २००७ साली नेदरलंड्समध्ये स्निग्ध कणांत बांधलेले सिसप्लॅटिन थोड्या रुग्णांना श्वासातून दिले. मूत्रपिंडांना आणि कानांना होणारी नेहमीची इजा त्यात दिसली नाही. बऱ्याच जणांचा रोग काही काळ जागच्या जागी राहिला. पण गाठी आटल्या नाहीत. त्यानंतर प्रयोगशाळांत उंदरांवर पुष्कळ काम झाले, बातम्या पुष्कळ आल्या, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी श्वासातून घ्यायचे नॅनो औषध आजही मान्य होऊन दवाखान्यात आलेले नाही.

का नाही, हे समजून घेताना मला शरीराबद्दल नवा आदर वाटला. पहिले कारण वर आलेच. दोनशे नॅनोमीटरचा सुटा कण श्वासाबरोबर बराचसा बाहेर येतो. म्हणून तो मोठ्या थेंबात किंवा भुकटीच्या कणात बसवून पाठवावा लागतो. तीन मायक्रॉनच्या थेंबाचे घनफळ अशा तीन हजार तीनशे पंचाहत्तर कणांएवढे होते. सरांना हा हिशेब आवडला असता. थेंब आत जाऊन टेकला की कण सुटे व्हायचे. पण टेकल्यावर पहारा सुरू होतो. श्वासनलिकांच्या अस्तरावर कफाचा थर असतो आणि त्याखालचे सूक्ष्म केसांसारखे तंतू सतत हलून तो थर वर घशाकडे ढकलत असतात. त्यातून सुटून वायुकोशांत पोहोचावे, तर तिथे भक्षक पेशी परका कण गिळायला बसलेल्या असतात. ज्या पहाऱ्याने आपल्याला आयुष्यभर धुळीपासून वाचवले, तोच औषधालाही अडवतो. त्याला हा मित्र, हा शत्रू हे कळत नाही.

दुसरे कारण त्याहून कठीण. गाठीने श्वासनलिका दाबलेली असेल तर त्या भागात हवाच जात नाही. हवा नाही तर औषध नाही. म्हणजे जिथे गरज तिथे कमी आणि निरोगी भागात जास्त. केमोचे औषध नाजूक निरोगी फुप्फुसाला झोंबते, खोकला येतो, धाप लागते. आणि अशा रुग्णाचे फुप्फुस सिगारेटीने आधीच थकलेले असते, मोठा श्वास ओढून धरायलाही बळ नसते. शिवाय रोग लसिकाग्रंथी, यकृत, हाडे, मेंदू इथे पोहोचला असेल तर त्याला अंगभर फिरणारेच औषध लागते. सरांची सरळ रेषा ज्या बिंदूकडे जात होती, तो बिंदू तोवर एक उरलेला नव्हता. त्यांचा कॅन्सर यकृतात गेला होता.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. रुग्णाने सोडलेल्या उच्छ्वासात उरलेले औषध असते. ते शेजारी बसलेल्या परिचारिकेच्या आणि सोबतीला आलेल्या माणसाच्या छातीत जाईल. म्हणून अशा चाचण्यांत हवा गाळून घेणारी खास सोय करावी लागते. मी त्या खुर्चीत बसायचो.

उत्साहाची किंमत काय असते याचे एक उदाहरण मधुमेहाचे आहे. २००६ साली श्वासातून घ्यायच्या इन्शुलिनला मान्यता मिळाली. मोठा गाजावाजा झाला. पण उपकरण अवजड आणि महाग होते, लोकांनी घेतले नाही, आणि २००७ च्या ऑक्टोबरात कंपनीने ते मागे घेतले. त्यानंतर, पूर्वी सिगारेट ओढलेल्या त्याच्या काही वापरकर्त्यांत फुप्फुसाचा कॅन्सर आढळल्याची नोंद आली. कारण तेच, असे सिद्ध झाले नाही, पण फुप्फुसात रोज काही पाठवताना किती जपून राहिले पाहिजे हे त्यातून दिसले. उलट एक यशाची नोंदही आहे. २०१८ साली अमेरिकेत लायपोसोममध्ये भरलेल्या अमिकासिन या प्रतिजैविकाला मान्यता मिळाली. क्षयाच्या जातीतल्या जंतूंच्या एका चिवट फुप्फुसविकारासाठी, इतर उपाय थकल्यावर, ते नेब्युलायझरमधून देतात. गंमत म्हणजे त्या विकारात भक्षक पेशींनी कण गिळलेले हवेच असतात, कारण जंतू त्यांच्याच पोटात लपलेले असतात. म्हणजे वाट बंद नाही. सूक्ष्म कणांवर बसलेले औषध श्वासातून फुप्फुसात जाऊन काम करते, हे एका रोगात तरी सिद्ध झालेले आहे. कॅन्सरची पायरी अजून वर आहे.

आता वाटते, सरांनी तारीख विचारली तेव्हा मी खरा इतिहासकार असतो तर काय म्हणालो असतो? म्हणालो असतो की, सर, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि फार जुना आहे. मोठमोठी माणसे तो सोडवत आहेत. चाचण्या झाल्या आहेत, आणखी होतील. पण तारीख अजून लिहिलेली नाही, तेव्हा उद्याची केमो चुकवू नका. एवढे चार शब्द. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की सन माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, ठोकून देऊ नका, त्याचे गुण कापले जातात. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ठोकून दिले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे दुखणे असेल आणि कुणी असे कात्रण किंवा मोबाइलवरचा निरोप आणून दाखवला, तर ते फेकून देऊ नका. त्यात बहुधा खोटे नसते, फक्त ते पुष्कळ पुढचे असते. ते डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, हे उंदरांवर झाले की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर आमच्या माणसाला त्या चाचणीत जाता येईल का? तोवर हातात असलेल्या उपचाराची तारीख पाळा.

वहिनींकडे परवा गेलो होतो. सरांचा पंप अजून कपाटात आहे, चष्म्याच्या शेजारी. त्यांना मी हे सगळे थोडक्यात सांगितले. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे ह्यांचं म्हणणं बरोबर होतं ना?” मी म्हणालो, “प्रश्न अगदी बरोबर होता, वहिनी. उत्तर मी चुकलो.”

त्यांनी चहा ठेवला. असो.